आम्ल की फिनॉल? मिश्रण वेगळं करताना पुन्हा पुन्हा येणाऱ्या अडचणी आणि त्यांवरचे उपाय

बी.एस्सी.च्या ऑरगॅनिक प्रॅक्टिकलला दोन घन पदार्थांचं मिश्रण हातात येतं आणि पहिला प्रश्न पडतो तो टाइपचा: यात आम्ल आहे, फिनॉल आहे, बेस आहे की न्यूट्रल? दर बॅचला त्याच तक्रारी ऐकू येतात. "सर, बायकार्बोनेटमध्ये सगळंच विरघळलं." "फसफसलं तर चांगलं, पण अॅसिड टाकल्यावर काहीच खाली बसलं नाही." "मेल्टिंग पॉइंट बरोबर आला, तरी कंपाउंड चुकलं." वेगवेगळ्या वाटणाऱ्या या तक्रारींचं मूळ बहुतेक वेळा एकच असतं. भांड्यातला पीएच जितका आहे असं आपण धरून चालतो, तितका तो प्रत्यक्षात नसतो. संयुग त्या खऱ्या पीएचला साजेसंच वागतं आणि आपण मात्र जर्नलमध्ये भलतंच अनुमान लिहितो.

म्हणून आधी थोडी बैठक पक्की करू. ती पक्की असली की पुढचे निम्मे बिघाड आपले आपण सापडतात.

बेंझोइक आम्ल थंड पाण्यात जेमतेम विरघळतं: 25° से.ला लिटरमध्ये साधारण 3.4 ग्रॅम. त्याचं सोडियम मीठ, म्हणजे सोडियम बेंझोएट, त्याच तापमानाला लिटरमागे 600 ग्रॅमहून जास्त विरघळतं. रेणू जवळपास तोच, एक हायड्रोजन आयन गेला इतकाच फरक. सहा कार्बनचं वलय पाण्याला नको असतं, पण त्याच रेणूवर पूर्ण ऋण भार आला की पाण्याचे रेणू त्या भाराभोवती गोळा होतात आणि वलयालाही सोबत घेऊन जातात. टाइप ठरवण्याची सगळी पद्धत या एका गोष्टीवर उभी आहे. आपण प्रत्येक परीक्षानळीत एकच विचारत असतो: या द्रावणात या संयुगाचा आयन होतो का?

आणि आयन होणार की नाही हे पीकेए सांगतो, म्हणजे ज्या पीएचला संयुगाचे निम्मे रेणू आयन झालेले असतात तो आकडा. बेंझोइक आम्लाचा पीकेए 4.2, कार्बोनिक आम्लाचा 6.35, बीटा-नॅफ्थॉलचा सुमारे 9.5, साध्या फिनॉलचा 10 आणि बायकार्बोनेट आयनाचा 10.3. हे पाच आकडे पाठ असू द्यात. आकडा जितका लहान तितकं आम्ल जोरदार, आणि एका एककाचा फरक म्हणजे दहापट. बेंझोइक आम्ल कार्बोनिक आम्लापेक्षा शंभरपटीहून जास्त जोरदार आहे, म्हणून ते बायकार्बोनेटकडून कार्बोनिक आम्ल मोकळं करतं आणि कार्बन डायऑक्साइड फसफसून बाहेर पडतो. फिनॉल कार्बोनिक आम्लापेक्षा हजारो पटींनी दुबळं, त्यामुळे ते बायकार्बोनेटमध्ये तसंच पडून राहतं. त्याला सोडियम हायड्रॉक्साइडच लागतं. या फरकाचं कारणही रेणूतच आहे. कार्बॉक्झिलेट आयनाचा ऋण भार दोन ऑक्सिजनांवर सारखा वाटला जातो. फिनॉक्साइडमध्ये तो एका ऑक्सिजनवर आणि वलयातल्या कार्बनांवर वाटला जातो, आणि कार्बनला ऋण भार ऑक्सिजनइतका मानवत नाही.

आता अडचणींकडे वळू. उदाहरण म्हणून मी बेंझोइक आम्ल आणि बीटा-नॅफ्थॉल ही जोडी घेतो. ही जोडी मला फार महत्त्वाची वाटते, कारण दोघांचाही मेल्टिंग पॉइंट 122° से.च्या आसपास आहे. वेगळं करताना अदलाबदल झाली तर मेल्टिंग पॉइंट तुम्हाला सावध करणार नाही.

बायकार्बोनेटमध्ये दोन्ही विरघळतात

लक्षण: मिश्रणावर बायकार्बोनेट टाकलं, फसफसलं, आणि थोड्या वेळाने गाळायला काही उरलंच नाही. किंवा उरलं ते फार थोडं. विद्यार्थी लिहितो: दोन्ही आम्लं.

इथे सर्वात आधी बाटलीवर संशय घ्या. सोडियम बायकार्बोनेटचं द्रावण गरम केलं की त्यातून कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि मागे सोडियम कार्बोनेट उरतं. पावडर लवकर विरघळावी म्हणून द्रावण तयार करताना ते गरम केलेलं असू शकतं. कधी बाटली बरेच दिवस सैल बुचाने उभी असते. आणि पुष्कळदा विद्यार्थी स्वतःच "नीट विरघळू दे" म्हणून परीक्षानळी बर्नरवर धरतो. तिन्ही वेळा परिणाम एकच. ताज्या बायकार्बोनेटचा पीएच 8.3च्या आसपास असतो, कार्बोनेटचा 11च्या वर. बायकार्बोनेट आयनाचा पीकेए 10.3 आणि नॅफ्थॉलचा 9.5, म्हणजे नॅफ्थॉल जास्त जोरदार. त्यामुळे कार्बोनेट त्याचा हायड्रोजन आयन सहज काढून घेतं. तो घेतल्यावर कार्बोनेटचं फक्त बायकार्बोनेट होतं, म्हणून बुडबुडे येत नाहीत. नॅफ्थॉल गुपचूप विरघळून जातं.

गरम करण्यात आणखी एक धोका आहे. नुसतं बायकार्बोनेट तापवलं तरी बुडबुडे येतात. नळीत न्यूट्रल पदार्थ असला तरी ते फसफसणं आम्लासारखं दिसतं. बायकार्बोनेटची चाचणी नेहमी थंडच करायची, आणि शेजारी नुसत्या बायकार्बोनेटची एक नळी ठेवून तिच्याशी ताडून पाहायचं.

बाटली तपासायला दोन मिनिटं पुरतात. द्रावणात फिनॉल्फ्थॅलीनचे एक-दोन थेंब टाका. ताजं बायकार्बोनेट रंगहीन राहतं किंवा फार तर फिकट गुलाबी होतं. गडद गुलाबी रंग आला तर त्यात कार्बोनेट आहे. दुसरी खूण मॅग्नेशियम सल्फेटची: थंड बायकार्बोनेटमध्ये अवक्षेप येत नाही, कार्बोनेट असेल तर लगेच पांढरा अवक्षेप येतो. द्रावण बिघडलेलं निघालं तर ते टाकून द्या आणि थंड पाण्यात नवीन करा. बायकार्बोनेट 20° से.ला 100 मिली पाण्यात 9 ग्रॅमहून जास्त विरघळतं, म्हणजे 5 टक्क्यांच्या द्रावणासाठी तापवायची गरजच पडत नाही. फक्त ढवळायला थोडा धीर लागतो.

फसफसतच नाही

याउलटही होतं. आम्ल आहे हे माहीत असतं, पण बुडबुडे दिसत नाहीत. बहुतेक वेळा पावडर जाडसर असते किंवा भिजतच नाही. सिनॅमिक आम्लासारखे पदार्थ पाण्यावर तरंगत राहतात. खलबत्त्यात बारीक करून घ्या. तरीही जमत नसेल तर चिमूटभर पदार्थ अगदी थोड्या अल्कोहोलमध्ये विरघळवून ते बायकार्बोनेटमध्ये सोडा. काचकांडीने ढवळताना अडकलेली हवाही बुडबुड्यांसारखी वर येते, तिला फसफस समजू नका. खरी फसफस घन कणांच्या पृष्ठभागावरून सतत येत राहते, आणि कण झिजत जातो तसतशी कमी होत जाते.

आम्ल टाकलं, पण अवक्षेप पडला नाही

ही माझ्या मते सर्वात जास्त नुकसान करणारी अडचण आहे, कारण इथे विद्यार्थ्याने टाइप बरोबर ओळखलेला असतो आणि तरीही हातात काही येत नाही. या अडचणीला तीन कारणं आहेत, आणि तिन्ही एकत्र आली की उत्पादन अक्षरशः दिसेनासं होतं.

पहिलं कारण, बायकार्बोनेटचा पूर. समजा 2 ग्रॅम मिश्रण आहे आणि त्यात 1 ग्रॅम बेंझोइक आम्ल. त्याला पुरेसं बायकार्बोनेट म्हणजे साधारण 0.7 ग्रॅम, 5 टक्क्यांच्या द्रावणाचे जेमतेम 14 मिली. 20 मिली घेतलं तरी भरपूर झालं. पण टेबलावर बघावं तर 50 मिली ओतलेलं असतं. मग आम्ल टाकताना आधी तो सगळा जास्तीचा बायकार्बोनेट संपवावा लागतो. विद्यार्थी थोडं हायड्रोक्लोरिक आम्ल टाकतो, फेस वर येतो, फेसाला घाबरून हात थांबतो. द्रावण अजून अल्कलाइनच असतं, तर बेंझोएट आयन बेंझोइक आम्ल होणार कसा?

दुसरं कारण, लिटमस. हे नीट समजून घ्या. आम्ल टाकल्यावर द्रावणात कार्बन डायऑक्साइड विरघळलेला असतो, तोही लिटमस तांबूस करतो. शिवाय लिटमस पूर्ण लाल होतो तो पीएच 5च्या सुमाराला. पीएच 5 म्हणजे बेंझोइक आम्लाच्या पीकेएपेक्षा 0.8ने वर. तिथे द्रावणातल्या एका अखंड रेणूमागे सहाहून जास्त आयन असतात. हिशेब केला तर 25° से.ला लिटरमध्ये 3.4 ग्रॅमऐवजी सुमारे 25 ग्रॅम पदार्थ विरघळलेला राहू शकतो. तुमच्याकडे 26 मिली द्रावण असेल तर 1 ग्रॅमपैकी 0.6 ग्रॅमहून जास्त आम्ल लिटमस लाल झालेला असतानाही गाळलेल्या पाण्यातच उरेल. पीएच 2पर्यंत खाली आलात की आयन जवळपास संपतात आणि फक्त मूळ 3.4चा हिशेब उरतो.

म्हणून लिटमसवर थांबू नका. काँगो रेडचा कागद वापरा. तो पीएच 3च्या आसपास आणि त्याखाली निळा होतो. तो निळा झाला की बेंझोइक आम्लासाठी तुम्ही सुरक्षित बाजूला आलात. कागद नसेल तर पीएचची पट्टी चालेल. तीही नसेल तर गाळण्याआधी वरचं नितळ द्रावण थोडं काढून त्यात आम्लाचा एक थेंब सोडा. गढूळपणा आला तर काम अपुरं आहे.

तिसरं कारण, पाणी. लिटरमागे 3.4 ग्रॅम हा आकडा लहान वाटतो, पण 50 मिली बायकार्बोनेट, वर 15 मिली विरल आम्ल, वर 10 मिली धुण्याचं पाणी असं करत 75 मिली झाले की पाव ग्रॅम आम्ल कायमचं गेलं. तेच 20 मिली बायकार्बोनेट घेऊन, आम्ल विरल न वापरता संहत हायड्रोक्लोरिक आम्ल थेंबाथेंबाने टाकलं, तर साधारण 1 मिलीतच बायकार्बोनेट आणि बेंझोएट दोन्ही संपतात. वर थोडे थेंब जास्त टाकले की काँगो रेड निळा होतो. मग बीकर बर्फात ठेवायचा. 0° से.ला द्रावणीयता निम्म्यावर येते, लिटरला 1.7 ग्रॅम. आता नुकसान 0.05 ग्रॅमच्या आत. बीकर द्रावणाच्या तिपटीचा तरी घ्या, म्हणजे फेस वर आला तरी सांडणार नाही आणि हात थांबणार नाही. धुरामुळे हे फ्यूम हूडमध्येच करायचं.

बर्फातल्या बीकरकडे पाच मिनिटं बघत राहा. आधी द्रावण दुधाळ होतं, मग कडेने चकाकणारे पातळ पापुद्रे सुटतात आणि हळूहळू सगळा बीकर भरल्यासारखा दिसतो. ते पापुद्रे नीट मोठे होऊ देऊन मग गाळलं तर गाळणंही भराभर होतं.

गाळलेलं घन उरलं, त्याचं पुढे काय?

उरलेलं नॅफ्थॉल बायकार्बोनेटच्या थोड्या ताज्या द्रावणाने एकदा आणि थंड पाण्याने एकदा धुऊन घ्या, कारण कणांना चिकटलेलं बेंझोएट पुढे त्रास देतं. मग ते 10 टक्के सोडियम हायड्रॉक्साइडमध्ये विरघळवा. 1 ग्रॅमला 5 ते 6 मिली पुरतात. जास्त तीव्र द्रावण घेतलं तर काम लवकर होईल असं वाटतं, पण तिथे सोडियम आयनांची गर्दी होऊन सोडियम मीठच विरघळायला नकार देतं, आणि विद्यार्थी ते न्यूट्रल समजतो. शंका आली तर थोडं पाणी घालून बघा. मीठ असेल तर विरघळेल. विरघळल्यावर ते तसंच ठेवून चहाला जाऊ नका. अल्कलीतली फिनॉलं हवेने तपकिरी होत जातात, लगेच आम्ल टाकून अवक्षेप काढा.

हायड्रॉक्साइड आधी वापरून नंतर बायकार्बोनेटचा विचार करणं हा क्रमाचा दोष. हायड्रॉक्साइडमध्ये दोघंही जातात आणि आम्ल टाकलं की दोघंही परत एकत्र खाली बसतात. असं झालंच असेल तर काही बिघडलेलं नाही. ते गाळून घ्या आणि बायकार्बोनेटपासून पुन्हा सुरुवात करा.

पाण्यातच विरघळलं

ऑक्झॅलिक आम्ल, रेसॉर्सिनॉल, युरिया यांसारखे पदार्थ साध्या पाण्यातच विरघळतात. रेणूत कार्बन थोडे आणि हायड्रोजन बंध करू शकणारे गट जास्त, म्हणून असं होतं. अशा वेळी "बायकार्बोनेटमध्ये विरघळलं" या निरीक्षणाला काहीच अर्थ उरत नाही. फक्त फसफस बघायची आणि पाण्यातल्या द्रावणावर लिटमस बघायचा. त्यासाठी पाण्याची चाचणी सर्वांच्या आधी आणि थंड पाण्यातच करावी: 0.1 ग्रॅम पदार्थ, 3 मिली पाणी. बेंझोइक आम्ल उकळत्या पाण्यात इतक्या प्रमाणात विरघळतं आणि गार झालं की परत बाहेर येतं. गरम नळीकडे बघून "पाण्यात द्रावणीय" लिहिणारे दर वर्षी सापडतात.

फिनॉल, पण आम्लासारखं वागतं

वलयावर नायट्रो गट आला की तो ऋण भार आपल्याकडे ओढून घेतो आणि फिनॉलची आम्लता चढते. पॅरा-नायट्रोफिनॉलचा पीकेए 7.15, 2,4-डायनायट्रोफिनॉलचा 4.1च्या आसपास, आणि पिक्रिक आम्लाचा तर 0.4. शेवटची दोन्ही बायकार्बोनेटमध्ये व्यवस्थित विरघळतात. पॅरा-नायट्रोफिनॉल सीमेवरचं आहे. जास्त बायकार्बोनेटमध्ये ते विरघळतं, पण ठळक बुडबुडे येतीलच असं नाही. ओळखायची खूण रंगात असते: अल्कलीत गडद पिवळा, आम्ल टाकलं की फिका. असा रंगबदल दिसला तर "आम्ल" लिहिण्याआधी नायट्रोफिनॉलचा विचार करा. पिक्रिक आम्ल कोरडं झालं की स्फोटक असतं, ते कधीच वाळवून ठेवू नये.

सॅलिसिलिक आम्लाचा गोंधळ याच्या उलट आहे. फेरिक क्लोराइडने सुंदर जांभळा रंग येतो आणि विद्यार्थी आनंदाने "फिनॉल" लिहितो. पण त्याचा पीकेए 2.97 आहे, बायकार्बोनेटमध्ये ते जोरात फसफसतं. रेणूत दोन्ही गट आहेत, आणि वेगळं करताना जोरदार गटच निर्णय देतो. फेरिक क्लोराइडचा रंग हा नंतरचा पुरावा. टाइप आधी बायकार्बोनेटनेच ठरतो.

अवक्षेप आला आणि परत नाहीसा झाला

बायकार्बोनेटच्या द्रावणात आम्ल टाकत गेलात, पांढरट घन दिसलं, आणखी थोडं आम्ल टाकलं तर ते विरघळून गेलं. इथे घाबरून सगळं फेकून देऊ नका, कारण ही स्वतःच एक मोठी खूण आहे. अँथ्रॅनिलिक आम्लात कार्बॉक्झिल गटही आहे आणि अमिनो गटही. पीएच 3.5च्या आसपास ते सर्वात कमी विरघळतं. त्याखाली गेलात की अमिनो गटावर धन भार येतो आणि रेणू पुन्हा पाण्यात जातो. सोडियम अॅसिटेटचं द्रावण थोडं थोडं घालून पीएच वर आणा, घन परत येईल. हायड्रोक्लोरिक आम्लाऐवजी अॅसेटिक आम्ल वापरलं असतं तर ही वेळच आली नसती.

बेस असून आम्लात विरघळत नाही

अॅनिलीन विरल हायड्रोक्लोरिक आम्लात लगेच जातं. त्याच्या संयुग्मी आम्लाचा, म्हणजे हायड्रोजन आयन घेतलेल्या रूपाचा, पीकेए 4.6 आहे. पण मेटा-नायट्रोअॅनिलीनला तो 2.5, पॅराला 1.0 आणि ऑर्थोला शून्याच्याही खाली, सुमारे −0.3 आहे. नायट्रो गट नायट्रोजनवरची इलेक्ट्रॉनजोडी ओढून घेतो, ती हायड्रोजन आयनाला द्यायला मोकळी राहत नाही. डायफेनिलअमाइनमध्ये ती दोन वलयांत वाटली गेल्यामुळे तेही असंच दुबळं. यातल्या फार दुबळ्या बेसना विरल आम्ल पुरत नाही, संहत आम्ल लागतं, आणि त्यात पाणी ओतलं की ते परत बाहेर पडतात. पाणी ओतल्यावर आलेला हा गढूळपणा दुबळ्या बेसची चांगली निशाणी आहे. त्याला न्यूट्रल म्हणू नका.

इथेही गरम करण्याचा मोह टाळा. अॅसिटॅनिलाइड न्यूट्रल आहे, पण हायड्रोक्लोरिक आम्लात उकळलं तर त्याचं जलविघटन होऊन अॅनिलीन तयार होतं. मग डायची (अॅनिलीनपासून रंग तयार करण्याची) चाचणी आली की "बेस" असा निष्कर्ष निघतो. हायड्रॉक्साइडमध्ये उकळलेल्या एस्टरचंही तेच होतं: टाकलं न्यूट्रल, परत मिळतं आम्ल.

मेल्टिंग पॉइंट बरोबर, तरी खात्री नाही

परत आपल्या जोडीकडे येऊ. वेगळा केलेला घन 122° से.ला वितळला तर तो बेंझोइक आम्लही असू शकतो आणि नॅफ्थॉलही. मिसळलेलं असेल तर वितळणं बरंच आधी सुरू होतं आणि लांबत जातं. पण शुद्ध अदलाबदल झाली असेल तर पारा काहीच सांगत नाही. अशा वेळी घनातला चिमूटभर भाग बाटलीतल्या बेंझोइक आम्लात मिसळून पुन्हा मेल्टिंग पॉइंट घ्या. तोच आला तर बेंझोइक, खाली घसरला तर नाही.

आणि आम्लात नॅफ्थॉल उरलंय का हे बघायला याहून नाजूक चाचणी आहे. थोडा घन हायड्रॉक्साइडमध्ये विरघळवा आणि बर्फात गार करा. दुसऱ्या नळीत अॅनिलीन, हायड्रोक्लोरिक आम्ल आणि सोडियम नायट्राइट यांपासून डायअॅझो द्रावण 5° से.च्या खाली तयार करा आणि ते यात टाका. बेंझोइक आम्लाने रंग येत नाही, नॅफ्थॉलचा अंश असला तरी नारिंगी-लाल रंग उमटतो. रंग आला तर सगळं घन पुन्हा 15 ते 20 मिली ताज्या, थंड बायकार्बोनेटमध्ये घ्या, न विरघळलेलं गाळून टाका, आणि गाळलेल्या द्रावणात काँगो रेड निळा होईपर्यंत आम्ल सोडा.